दोराचे खालचे टोक

आमच्या घरी ‘बिले’ हा शब्द फार जुना आहे. वडील बाजारातल्या एका कापडदुकानात हिशेब लिहितात. त्यामुळे बिले येणे, बिले थकणे आणि बिले फाडणे या गोष्टी मी बाराखडीच्या आधी ऐकल्या. अकरावीत असताना एका रविवारी रात्री जेवताना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “आज मी बिले द्यायला शिकलो.” वडिलांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, “कोणाची बिले? आणि पैसे कुठून दिलास?”

त्यांना समजावून सांगायला अर्धा तास लागला. कडा चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला दोर बांधलेला असतो. तो दोर कड्याच्या माथ्यावरच्या आधारातून फिरून परत खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या कमरेशी अडकवलेल्या धातूच्या एका लहानशा साधनातून जातो. वरचा चढेल तसा खालच्याने दोर आवरत राहायचे. वरच्याचा हात किंवा पाय सुटला, की खालच्याने दोर खाली ओढून धरायचा; साधनात तो आवळतो आणि वरचा जिथल्या तिथे लोंबकळतो. मग सावकाश त्याला खाली उतरवायचे. या राखणीला गिर्यारोहक ‘बिले देणे’ म्हणतात. शब्द इंग्रजीतला आहे, पण आपल्याकडच्या डोंगरांत तो आता पक्का रुळला आहे.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे दुसऱ्याला जामीन राहायचे. जपून रे बाबा.”

तेव्हा मी हसलो होतो. पुढे दीड वर्षाने ते वाक्य आठवले, तेव्हा हसू आले नाही.

ज्याला मी जामीन राहिलो त्याच्याविषयी थोडे सांगायला हवे. त्याचे नाव लिहायचे नाही, अशी त्याची अट आहे. तसेही आम्ही एकमेकांना ‘दोस्त’ एवढेच म्हणतो. हा शब्द आमच्या गावात दोन्ही भाषांत चालतो, त्याला भाषांतर लागत नाही. माझी शाळा मराठी, त्याची कन्नड. दोन शाळांच्या मध्ये एक भिंत होती आणि तिच्यावर चढून बसणे हा दोन्हीकडे गुन्हा होता. आमची ओळख त्या भिंतीवरच झाली. पुढे सायकली मिळाल्या तेव्हा येळ्ळूरचा राजहंसगड झाला, मग महिपालगड झाला. चंदगडकडच्या कलानंदीगडावर आणि पारगडावर एस. टी. ने गेलो. मग गावातल्या चार-पाच थोरल्या मंडळींची गाठ पडली. ती दर रविवारी दोर घेऊन कड्यांवर जात. त्यांनी आम्हाला आठाची गाठ शिकवली, दोर गुंडाळायला शिकवला, आणि दोरावर पाय ठेवला म्हणून एकदा दिवसभर नुसते बसवूनही ठेवले.

हा दोर दिसायला साधा, जेमतेम दहा मिलिमीटर जाडीचा. आत पिळलेल्या धाग्यांचा गाभा आणि वर विणलेले आवरण. पडणाऱ्या माणसाला एकदम हिसका बसू नये म्हणून तो थोडा ताणला जातो. अंगावर अडकवायच्या कड्या दोन-दोन टन भार सहज पेलतात. सांगायचा मुद्दा असा, की या साऱ्या साखळीत सामान सहसा तुटत नाही. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे दोराच्या खालच्या टोकाला उभा असलेला माणूस. डिसेंबर २०२२ मध्ये तो माणूस मी होतो.

कड्याचे नाव सांगत नाही, कारण दोष कड्याचा नव्हता. उंची पन्नास-पंचावन्न फूट. त्या सकाळी आमच्या आधी दोघेजण वर जाऊन आले होते. एकाला दोराने खाली उतरवले होते. दुसऱ्याने माथ्यावर पोचल्यावर दोर सोडला होता आणि तो मागच्या पायवाटेने चालत खाली आला होता. मग दोस्त चढला. तो कसा खाली येणार, हे आम्ही आधी ठरवलेच नाही. आम्हाला ते ठरवण्यासारखे काही वाटलेच नव्हते.

तो माथ्याशी पोचला तेव्हा वारा सुटला होता. घाईच्या वेळी तो कन्नडमध्येच बोलतो. कन्नडमध्ये ‘हिडी’ म्हणजे धर आणि ‘बिडू’ म्हणजे सोड. मला ही भाषा लहानपणापासून येते. बाजारात, बसमध्ये, त्याच्या घरी मी तीच बोलतो, तेव्हा अर्थ न कळण्याचा प्रश्नच नव्हता. तो वरून ओरडला, “हिडी!” वाऱ्यातून माझ्यापर्यंत आला तो फक्त मधला ‘ड’. पुढचा-मागचा शब्द माझ्या मनाने बनवला. हा आता चालत येणार असे मी धरून चाललो होतो, म्हणून मला ऐकू आले ‘बिडू’. मी हात सैल सोडला. त्याच क्षणी त्याने दोरावर विश्वासून मागे अंग टाकले.

दोर साधनातून सळसळत धावला. मी झडप घालून धरला, पण तोवर तो वीस-एक फूट खाली येऊन एका तिरप्या टप्प्यावर आदळला होता. माझ्या उजव्या तळहाताची कातडी दोराने सोलून नेली. त्याच्या डाव्या पायाचा घोटा दोन ठिकाणी मोडला. थोरल्या मंडळींनी त्याला खाली आणले, फळकुटांनी पाय बांधला, गाडीत घातले. सगळ्या वाटेत तो एकच वाक्य तीन-चारदा बोलला. “हिडी अंदिद्दे,” म्हणजे ‘धर म्हणालो होतो’. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळत नसला, की माणूस तीच बेरीज पुन्हापुन्हा करून पाहतो, तसे ते होते.

घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसले. माझा हात तीन आठवड्यांत बरा झाला. तळहातावर आडवा गुळगुळीत पट्टा राहिला, तो अजून आहे.

त्यानंतर मी डोंगर सोडला. तसे जाहीर कधी केले नाही. रविवारी सकाळी फोन आला, की परीक्षा जवळ आली म्हणायचो. परीक्षा संपली, की पाऊस लागला म्हणायचो. पाऊस उघडला, की वडिलांना दुकानाच्या वर्षअखेरीच्या कामात मदत करायची म्हणायचो. ही सगळी कारणे खरी होती. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवतात, की खोटी नोंद शोधणे सोपे असते; खऱ्या नोंदी चुकीच्या खात्यात टाकल्या तर मात्र ताळेबंद जुळतो आणि चूक कळत नाही. माझा ताळेबंद दोन वर्षे असाच जुळत होता.

दोस्ताच्या घरी मी तीन आठवडे गेलो नाही. काय बोलावे हेच सुचत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी गेलो. दार त्याच्या आईने उघडले. मी मनात वाक्य तयार करून नेले होते, मराठीतही आणि कन्नडमध्येही. त्यांनी माझ्याकडे, माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिले आणि विचारले, “ऊटा आतेनप्पा?” जेवण झाले का रे बाबा? आमच्याकडे कन्नड घरांत माणूस भेटला, की हेच विचारतात, त्यात विशेष काही नाही. पण माझी दोन्ही भाषांतली वाक्ये घशातच राहिली. त्यांनी पाटावर बसवून ज्वारीची रोट्टी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून रोट्टीचे तुकडे त्यांनीच करून दिले. आत दोस्त पाय उशीवर ठेवून मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता. तो म्हणाला, “ये, हे बघ. बर्फ.”

त्या तीन महिन्यांच्या अंथरुणात त्याला बर्फाचे वेड लागले. आमच्या घरात बर्फ म्हणजे फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला. हा मात्र रात्ररात्र काश्मीरमधल्या गुलमर्गचे चित्रपट बघे. तिथल्या अफरवत डोंगराच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत पाळणे जातात. तिथून माणसे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून, ना वाट ना कुंपण अशा भुरभुरीत बर्फावरून खाली घसरत येतात. या फळीला स्नोबोर्ड म्हणतात. “मला हे करायचे हाय,” तो म्हणाला. एका घोट्यात स्क्रू असलेल्या माणसाने दोन्ही पाय फळीला बांधून घ्यायची स्वप्ने बघावीत, याला काय म्हणावे! मला हसू आले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसलो हेही लक्षात आले.

तो सहा महिन्यांनी चालू लागला, वर्षभरात गड चढू लागला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा कड्यावर गेला. मी मात्र खालीच. ज्याचा पाय मोडला तो परतला आणि ज्याचे नुसते कातडे सोलले तो घरी बसला. पायाचे हाड सांधते, कारण कुठे मोडले ते क्ष-किरणांत दिसते. माझे कुठे मोडले ते मला दाखवता येत नव्हते.

या काळात ग्रंथालयात एकदा हिशेबतपासणीचे पुस्तक शोधताना हाताला एव्हरेस्टवरचे पुस्तक लागले. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, हे सगळ्यांना पाठ असते. त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. १९५२ च्या मे महिन्यात तेनसिंग एका स्विस मोहिमेबरोबर गेला होता. त्याचा दोरावरचा साथीदार रेमंड लॅम्बर्ट. या लॅम्बर्टने १९३८ साली आल्प्स पर्वतात हिमदंशाने दोन्ही पायांची बोटे गमावली होती, आणि तरी तो परत डोंगरात आला होता. ते दोघे सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि तिथून माघारी फिरले. त्या वेळी तेवढ्या उंचीवर दुसरे कोणी गेल्याची खात्रीची नोंद नव्हती. पुढच्या वर्षी तेनसिंग हिलरीबरोबर शिखरावर उभा राहिला, तेव्हा त्याच्या गळ्यात लॅम्बर्टने दिलेला लाल मफलर होता.

मी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडखळलो. लॅम्बर्टची भाषा फ्रेंच. तेनसिंगला ती येत नव्हती आणि दोघांना सामाईक अशी भाषा जवळजवळ नव्हतीच. चार शब्द आणि हातांच्या खुणा एवढ्यावर त्यांनी जगातल्या सर्वांत उंच डोंगरावर एकमेकांचा जीव सांभाळला. आणि आम्हा दोघांना दोन-दोन भाषा येत असून पन्नास फुटांवर घात झाला! पुस्तक मिटून ठेवले, पण हा विचार मिटला नाही. म्हणजे आम्हाला भाषा कमी पडली नव्हती. ज्यांची भाषा एक नसते ते पुन्हा विचारतात, खूण करून खात्री करतात. आम्हाला सगळे कळते असे आम्ही समजत होतो, म्हणून विचारले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दोस्त घरी आला आणि अंगणातूनच म्हणाला, “जानेवारीत बदामीला जाऊया. बिले तूच देणार हैस.”

मी नाही म्हणालो. दुसऱ्या कोणाला तरी घे म्हणालो. तो पायरीवर बसला, पायमोजा खाली करून घोट्यावरचा व्रण खाजवला आणि म्हणाला, “तुला शिकवायला एक पाय गेला. दुसऱ्या कुणाला शिकवायला आणखी पाय कुठनं आणू?”

यावर काय बोलणार? आत वडील वही लिहीत होते, त्यांची लेखणी थांबलेली मला ऐकू आली.

परतीची सुरुवात मी राजहंसगडापासून केली. पूर्वी जो चढ गप्पा मारत जायचो, तिथे तीनदा थांबलो. दोन वर्षे वापरात नसलेल्या यंत्रावरही घसारा धरावा लागतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. ते आता मांड्यांना कळले. पण पाय महिन्याभरात वळणावर आले. खरा प्रश्न हातांचा होता.

आमच्या परसात फणसाचे झाड आहे. त्याच्या जाड फांदीला पट्टा आणि कडी लावून दोर ओवला आणि एका पोत्यात वाळू भरली. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ते चाळीस किलो भरले. धाकटा भाऊ आणि मी मिळून पोते वर ओढायचो, मग मी एकट्याने ते हळूहळू खाली सोडायचे. रोज संध्याकाळी वीसदा. पाचव्या दिवशी दोस्त म्हणाला, “आता मला लटकव.” तो जमिनीपासून दोन-अडीच फूट वर लोंबकळला, आणि माझा हात उघडेचना. मी दोर असा आवळून धरला, की बोटे पांढरी पडली. तो म्हणाला, “उतरव.” मी उतरवू शकलो नाही. पाच मिनिटे तो फणसासारखा लोंबकळत राहिला. शेवटी त्याने आमच्या भावाला स्टूल आणायला सांगितले.

त्या रात्री मला कळले, की धरता न येणे जसा दोष, तसा सोडता न येणे हाही दोषच. ज्याला सोडता येत नाही तो खरे म्हणजे दोर धरत नसतो, स्वतःच्या भीतीला धरून बसतो. बिले देणाऱ्याला दोन्ही यावे लागते, आणि कोणते केव्हा, हे वरच्याने सांगायचे असते.

म्हणून मग शब्द ठरवायला बसलो. वहीचे एक पान घेतले. जे शब्द वाऱ्यात एकमेकांसारखे ऐकू येतील ते कटाप. ‘हिडी’ आणि ‘बिडू’ एकत्र राहूच शकत नव्हते. ‘धर’ आणि ‘सर’ यांचेही तेच. दोस्ताने ‘हिडी’ सोडायला साफ नकार दिला. पडताना तोंडून तेच येणार, म्हणाला. मग ‘हिडी’ राहिला आणि ‘बिडू’ गेला. दोर ढिला हवा असेल तर ‘सैल’. खाली सोडायचे असेल तर ‘उतरव’. आणि माथ्यावर स्वतःला दुसऱ्या पट्ट्याने बांधून घेतल्यावरच, दोराची गरज नाही असे सांगायला ‘मोकळा झालो’. असे धरणे त्याच्या भाषेत आणि सोडणे माझ्या भाषेत आले. खाली दोन नियम लिहिले. पहिला, जमीन सोडण्याआधी खाली कसे यायचे ते ठरवायचे. दुसरा, ऐकलेला शब्द मोठ्याने परत म्हणायचा, वरून होकार आला तरच हात हलवायचा; ऐकू आले नाही तर दोर धरूनच ठेवायचा.

हे काही आम्ही शोधून काढलेले नाही. जाणकार गिर्यारोहक हेच करतात आणि आम्हालाही थोरल्यांनी ते सांगितलेच होते. पण सांगितलेले आणि शिकलेले यांत वीस फुटांचे अंतर असते.

मग परसात परीक्षा सुरू झाली. वडील दुकानातून आल्यावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि मधेच पानाआडून ओरडायचे, “सैल!” “हिडी!” “उतरव!” बाजारात तीस वर्षे काढल्यामुळे त्यांचे कन्नड माझ्यापेक्षा अस्सल आहे. मी शब्द परत म्हणायचा, त्यांनी मान हलवायची, मग मी पोते हलवायचे. एकदा ते पुटपुटले, तेव्हा मी काहीच न करता दोर धरून उभा राहिलो. त्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि म्हणाले, “आता जामीन राहायला हरकत नाही.”

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही थोरल्यांपैकी दोघांबरोबर बदामीला गेलो. आमच्याकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास. काळ्या मातीतून जाता जाता एकदम तांबडा दगड वर येतो. हा वालुकाश्म, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून अगदी निराळा. चालुक्यांनी याच दगडात लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यातला मंगलेशाचा लेख शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा आहे. तळ्याजवळच्या कड्यावर कप्पे अरभट्टाचा जुना कन्नड शिलालेख आहे, तो दोस्ताने मला मुद्दाम नेऊन दाखवला. सज्जनाशी सज्जन असणाऱ्या आणि त्रास देणाऱ्याला भारी पडणाऱ्या एका पुरुषाची त्यात स्तुती आहे. “पहिला भाग तुला आज,” दोस्त म्हणाला, “दुसरा भाग संध्याकाळी बघू.” एवढ्यात एका माकडाने आमच्या पिशवीतल्या रोट्ट्यांवर झडप घातली आणि काव्यचर्चा तिथेच संपली.

लेण्यांपासून दूर गिर्यारोहकांचे कडे आहेत. दगडात लोखंडी खुंट्या पक्क्या बसवलेल्या आहेत. थोरल्यांनी वर जाऊन दोर लावला. दोस्ताने गाठ बांधली. मी ती तपासली. त्याने माझे साधन, कडीचे मळसूत्र आणि कमरपट्टा तपासला. मग विचारले, “खाली कसा येणार?” मी म्हणालो, “दोराने. मी उतरवणार.” तो म्हणाला, “बरोबर,” आणि चढू लागला.

तो चढत होता तोपर्यंत ठीक होते. हात आपोआप चालत होते. माथ्याशी पोचून तो थांबला. वारा त्या दिवशी नव्हता. तरी मला वारा ऐकू येत होता.

“हिडी!”

“हिडी,” मी ओरडलो. आवाज चिरकला.

“हौदू!” वरून होकार आला.

मी दोर खाली ओढून धरला. त्याने मागे अंग टाकले आणि एकसष्ट किलो माझ्या कमरेवर आले. मी पुढे ओढला जाऊन टाचांवर थांबलो. दोर ताणला आणि स्थिर झाला. तळहातावरच्या त्या गुळगुळीत पट्ट्यावर तो नेमका बसला होता. मग “उतरव” आले, मी “उतरव” म्हणालो, होकार आला, आणि हात उघडला. अगदी थोडा. मग आणखी थोडा. तो कड्याला पाय लावत, मागे न बघता खाली येत राहिला. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही, हे मला फार वाटले. ज्याला शंका असते तो खाली बघतो.

जमिनीवर टेकल्यावर त्याने गाठ सोडली आणि म्हणाला, “आता तू.” मी चढलो. अर्ध्यावर एका पुढे आलेल्या खडकाशी बोटे गेली, पाय शिवणयंत्रासारखे थरथरू लागले आणि मी “हिडी” म्हणून ओरडलो. त्याचा “हिडी” खालून लगेच आला. दोन वर्षांत मी दोराच्या खालच्या टोकाचाच विचार केला होता. त्या एका शब्दाची वरच्याला किती वाट पाहावी लागते, ते मला त्या खडकाशी लोंबकळताना कळले. माथा मला त्या दिवशी गाठता आला नाही. पण त्याचे वाईट वाटले नाही.

आता पुढचे. उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, १९६५ साली स्थापन झालेली. तिथल्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी आम्ही दोघांनी अर्ज भरून ठेवले आहेत. नंबर लागेल तेव्हा लागेल. तिथे बर्फावर घसरताना हातातल्या कुऱ्हाडीने स्वतःला कसे थांबवायचे, ते पहिल्यांदा शिकवतात. फळीचे नंतर बघू. दोस्ताने त्याचाही अभ्यास करून ठेवला आहे. असे मोकळ्या बर्फात जाणारे कधी एकटे जात नाहीत, असे तो सांगतो. हिमस्खलनात माणूस गाडला गेला, तर वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटेच हाताशी असतात. तेवढ्यात गावातून मदत येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश सोडणारे एक यंत्र, पाठीवर एक लांब शोधकाठी आणि एक फावडे असते. आपले फावडे आपल्या उपयोगाचे नसते. ते साथीदारासाठी असते, आणि आपल्यासाठी साथीदाराच्या पाठीवर असते. हे त्याने मला सांगितले तेव्हा मी वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “तिथेही जामीनच की.”

या अंकाच्या कन्नड विभागात दोस्ताचाही लेख आहे. छापायला देण्याआधी त्याने मला वाचायला दिला. सगळा बर्फावर आहे. गुलमर्ग आहे, अफरवत आहे, बर्फाचे प्रकार आहेत. एके ठिकाणी ‘मध्यंतरी तीन महिने सक्तीची विश्रांती मिळाली, तेव्हा वाचन झाले’ एवढे एक वाक्य आहे. विश्रांती का मिळाली, याचा एक शब्दही नाही. मी त्याला विचारले, “हे का नाही लिहिलेस?” तो म्हणाला, “काय लिहायचे? विषय बर्फाचा हाय न्हवं?”

त्याच्या वहीत ती नोंदच नाही. माझ्या वहीत आहे, म्हणून मी लिहिली.